पेशीची ओळख आणि बार्शी तालुक्याचा अनुभव

सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते, हे वाक्य माध्यमिक शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केलेले असते. कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवून त्यावर आयोडीनचा थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की विटांच्या भिंतीप्रमाणे रचलेल्या पेशी व प्रत्येकीतील गडद ठिपका स्पष्ट दिसतो. तथापि, या ठिपक्याचा गावाच्या जीवनमरणाशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. सोलापूर जिल्ह्यातील ज्या बार्शी तालुक्यात वैराग वसले आहे, त्या तालुक्यात व शेजारच्या मुलखात गेल्या काही दशकांत झालेले काम पाहता हा संबंध किती निकटचा आहे, याची कल्पना येते.

पेशी प्रथम पाहिली ती 1665 मध्ये, इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने. त्याने पाहिला तो बुचाचा पातळ काप होता. त्यात दिसलेली रिकामी घरे म्हणजे वस्तुतः मृत पेशींच्या भिंती होत्या. पुढे 1838 मध्ये श्लायडेन याने वनस्पतींच्या बाबतीत आणि 1839 मध्ये श्वान याने प्राण्यांच्या बाबतीत असे प्रतिपादन केले, की सर्व शरीररचना पेशींपासूनच झालेली आहे. नवी पेशी ही आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते, हा सिद्धांत 1855 मध्ये फिरशॉ या जर्मन रोगनिदानतज्ज्ञाने ठामपणे मांडला. रोगाचे मूळ पेशीत शोधावे, ही दृष्टीही त्याचीच.

पेशीभोवती अत्यंत पातळ असे पेशीपटल असते. कोणता पदार्थ आत यावा व कोणता बाहेर जावा, हे ते ठरवते. आत पेशीद्रव असून त्यात अनेक अंगके असतात. तंतुकणिका अन्नापासून ऊर्जा मोकळी करतात, रायबोसोमवर प्रथिने तयार होतात, तर लयकारिका टाकाऊ भागांची विल्हेवाट लावतात. वनस्पतीच्या पेशीला याखेरीज बाहेरून कठीण पेशीभित्तिका असते आणि हिरव्या भागांत हरितलवके असतात. तिच्या मध्यभागी पाण्याने भरलेली मोठी रिक्तिका असते. रब्बी ज्वारीला पाण्याचा ताण पडला म्हणजे पाने माना टाकतात, ती या रिक्तिकांतील पाणी आटून पेशींचा ताठपणा गेल्यामुळे. बार्शी भागातील शेतकऱ्याला ही घटना शास्त्राच्या पुस्तकावाचूनच परिचयाची आहे.

मात्र सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे केंद्रक, अर्थात तो गडद ठिपका. माणसाच्या बहुतेक पेशींच्या केंद्रकात 46 गुणसूत्रे असतात व त्यांतील डी.एन.ए.च्या धाग्यांत पेशीने काय करावे, केव्हा दुभंगावे आणि केव्हा थांबावे यासंबंधीच्या सूचना साठवलेल्या असतात. यांतील ‘थांबावे’ ही सूचना विशेष मोलाची होय. ती निकामी झाली म्हणजे पेशी अनिर्बंध वाढू लागतात. यालाच कर्करोग म्हणतात.

गर्भाशयाच्या मुखावरील आवरणाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. या आवरणात पेशींचे अनेक थर असतात. सर्वांत खालच्या थरातील पेशी दुभंगतात, नव्या पेशी हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि अखेर गळून पडतात. पृष्ठभागावरील निरोगी पेशी पसरट असते व तिचे केंद्रक लहानशा टिंबासारखे दिसते. मानवी पॅपिलोमा विषाणू सूक्ष्म जखमेतून खालच्या थरात शिरतो. बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यापैकी काहींमध्ये त्याची दोन प्रथिने पेशीतील नियंत्रक प्रथिनांना निष्प्रभ करतात. मग केंद्रक मोठे, गडद आणि वेडेवाकडे दिसू लागते. या विषाणूच्या 16 व 18 या प्रकारांचा शोध हाराल्ड झुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेत 1983 व 1984 मध्ये लागला आणि त्याबद्दल त्यांना 2008 चे नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे 70 टक्के रोग या दोन प्रकारांमुळे होतात.

विषाणूच्या शिरकावापासून प्रत्यक्ष कर्करोगापर्यंत सामान्यतः दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. हा दीर्घ अवधी म्हणजेच रोग रोखण्याची संधी. पण या काळात स्त्रीला काहीही त्रास जाणवत नाही. पुढे अंगावरून पांढरे किंवा अवेळी लाल जाऊ लागले, तरी ‘पिशवीचे दुखणे’ म्हणून ते अंगावर काढण्याची आणि घरातही न बोलण्याची रीत ग्रामीण भागात होती व काही अंशी अजूनही आहे.

या परिस्थितीत 1987 मध्ये बार्शी येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांचा त्यात पुढाकार होता. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील 346 गावे या नोंदणीच्या कक्षेत घेण्यात आली. शहरात रुग्णालयांची कागदपत्रे पाहून नोंद करता येते, परंतु जेथे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही तेथे कागद कोठून येणार? म्हणून कर्मचारी गावोगाव फिरले, गावकऱ्यांना भेटले, लक्षणांची माहिती दिली आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी येण्यास प्रवृत्त केले. स्त्रियांच्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा कर्करोग त्या काळी अग्रस्थानी असल्याचे नोंदींवरून दिसले. विशेष म्हणजे, केवळ या लोकशिक्षणामुळे रुग्ण अधिक लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. यंत्रसामग्रीवाचून घडलेला हा बदल आरोग्य खात्याइतकाच ग्रामपंचायतींनीही ध्यानात घेण्याजोगा आहे.

त्यापुढील पाऊल 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात पडले. बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. गावांचे 52 समूह करून त्यांची चार गटांत विभागणी करण्यात आली. एका गटात विषाणूची चाचणी झाली. दुसऱ्यात गर्भाशयमुखावरील पेशींचे लेपन काचपट्टीवर घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले. ही पद्धत पापानिकोलाऊ यांच्या नावाने ओळखली जाते. तिसऱ्या गटात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून निरीक्षण झाले. बिघडलेल्या पेशींत केंद्रक मोठे व प्रथिने दाट असल्याने तो भाग या आम्लाने तात्पुरता पांढरा दिसतो. व्हिनेगरमधील आम्ल ते हेच. चौथ्या गटास आरोग्यविषयक माहिती व नेहमीची सेवा एवढेच मिळाले.

2009 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे आठ वर्षांत या रोगाने चौथ्या गटात 64, तर विषाणू चाचणीच्या गटात 34 मृत्यू झाले. लेपनाच्या गटात 54 व आम्लाच्या गटात 56 मृत्यू नोंदले गेले; हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरला नाही. आयुष्यात एकदाच केलेली विषाणू चाचणी मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणू शकते, असे प्रथमच सिद्ध झाले. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे वाद झाला आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही. ज्या ज्ञानाचा लाभ जगाला झाला, त्याची किंमत या मुलखातील स्त्रियांनी मोजली आहे.

आता जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारणपणे वयाच्या तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी विषाणू चाचणीची शिफारस करते. या विषाणूवरील प्रतिबंधक लसही उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीस 2022 मध्ये मान्यता मिळाली. 9 ते 14 वर्षे वयाच्या मुलींना ती देणे सर्वाधिक उपयुक्त असते, कारण लस विषाणूला पेशीत शिरण्यापूर्वी अडवते. एकदा शिरलेल्या विषाणूस ती बाहेर काढू शकत नाही. त्यामुळे लस घेतलेल्या मुलींनाही मोठेपणी तपासणी आवश्यकच राहते. विषाणू चाचणीसाठी लागणारा नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो. तपासणीच्या मेजावर जाण्याचा संकोच ज्या गावांत अद्याप आडवा येतो, तेथे ही सोय विशेष उपयोगी ठरणारी आहे.