या चित्रात काय चाललंय?

संग्रहालयात गेलेला माणूस एका चित्रासमोर किती वेळ थांबत असेल? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये संशोधकांनी हे चक्क घड्याळ लावून मोजलं. चित्रं ऐरीगैरी नव्हती, त्या संग्रहालयातली नावाजलेली होती. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या वेळा प्रेक्षक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते! चित्रकाराने महिनोन् महिने खपून केलेलं काम आणि आपण त्याला दिलेली सतरा सेकंदं.

पण न हलता तिथेच थांबलं तर काय होतं? हार्वर्ड विद्यापीठात कलेतिहास शिकवणाऱ्या जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर सलग तीन तास बसायला सांगतात. एवढा वेळ बघायचं तरी काय, असं कुणालाही वाटेल. रॉबर्ट्स यांनी हा प्रयोग स्वतःवरही केला. त्यांच्यासमोर जॉन सिंगलटन कोप्ली या अमेरिकन चित्रकाराचं १७६५ सालचं चित्र होतं. टेबलाशी बसलेला एक मुलगा, त्याच्या हातात सोन्याची साखळी, साखळीला बांधलेली उडणारी खार आणि शेजारी पाण्याचा पेला. नवव्या मिनिटाला त्यांच्या लक्षात आलं की मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटावरच्या केसांच्या झालरीचा आकार हुबेहूब सारखा आहे. एकविसाव्या मिनिटाला दिसलं की साखळी धरणाऱ्या बोटांमधलं अंतर खालच्या पेल्याच्या रुंदीएवढंच आहे. आणि मागच्या पडद्याच्या चुण्यांत मुलाच्या कानाचे आणि डोळ्याचे आकार लपलेले आहेत, हे कळायला पाऊण तास जावा लागला.

हे सगळं पहिल्या सेकंदापासून डोळ्यांसमोरच तर होतं. मग दिसलं का नाही?

याचं उत्तर आपल्या डोळ्यांच्या रचनेत आहे. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. अगदी स्पष्ट, बारकाव्यांसकट आपल्याला दिसतं ते साधारण तेवढंच! बाकीचं सगळं धूसर असतं. काळोख्या वाड्यात बॅटरीचा झोत फिरवावा तशी आपली नजर सेकंदाला तीनेक उड्या मारत फिरते आणि मेंदू त्या तुकड्यांतून अख्खं दृश्य जुळवून आपल्यापुढे ठेवतो. जिथे झोत पडलाच नाही, तिथेही आपण सगळं पाहिलंय असं मेंदू आपल्याला बेलाशक पटवून देतो.

आता खरा प्रश्न. हा झोत कुठे वळायचा, ते कोण ठरवतं?

आल्फ्रेड यार्बुस या रशियन शास्त्रज्ञाने हे शोधून काढलं. डोळ्याला एक चिमुकलं उपकरण चिकटवून तो नजरेचा प्रवास कागदावर उमटवत असे. त्यासाठी त्याने इल्या रेपिन यांचं एक गाजलेलं चित्र घेतलं. हद्दपारीतून सुटलेला एक खंगलेला माणूस अवचित आपल्या घराच्या खोलीत येऊन उभा राहिलाय, खुर्चीतून एक वृद्धा उठतेय, टेबलाशी बसलेली मुलं वळून पाहताहेत. यार्बुसने एकाच माणसाला हे एकच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं, फक्त दर वेळी प्रश्न वेगळा विचारला. या लोकांची वयं काय असतील? नजर चेहऱ्याचेहऱ्यांवर फिरली. घरची परिस्थिती कशी आहे? नजर कपड्यांवर आणि सामानावर गेली. पाहुणा किती वर्षांनी आला असेल? आता नजर पाहुण्याच्या आणि घरच्यांच्या चेहऱ्यांमध्ये येरझारा घालू लागली.

चित्र तेच, डोळे तेच. बदलला तो फक्त प्रश्न, आणि त्याबरोबर नजरेची सगळी वाटच बदलली! म्हणजे मुलांना चित्र बघायला शिकवायचं तर त्यांच्या डोक्यात माहिती कोंबून भागणार नाही. त्यांच्या हाती योग्य प्रश्न द्यायला हवा.

असे प्रश्न कुणी शोधले का? शोधले, आणि ते इतके साधे आहेत की पहिल्यांदा ऐकताना विश्वास बसत नाही. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फिलिप येनावाइन हे शिक्षण विभागाचे प्रमुख होते. संग्रहालयाची व्याख्यानं, मार्गदर्शित फेरफटके लोकांना आवडत होते, पण त्यातलं फारसं काही त्यांच्याजवळ उरत नव्हतं. तिकडे अ‍ॅबिगेल हाउसन या संशोधक वेगळ्याच कामात होत्या. त्या माणसांना चित्रासमोर उभं करत आणि म्हणत, मनात येईल ते बोला. मधे एक अक्षर बोलत नसत, फक्त ऐकत. अशा असंख्य मुलाखतींतून त्यांना कळलं की नवखा प्रेक्षक काळ, शैली, संप्रदाय यांचा विचारच करत नाही. तो चित्रात गोष्ट शोधतो आणि तिला आपल्या आठवणी जोडतो. मग ज्याला गोष्ट हवी आहे, त्याला आपण सनावळ्या कशाला ऐकवतोय?

दोघांनी मिळून एक पद्धत उभी केली. तिचा कणा म्हणजे तीन प्रश्न. या चित्रात काय चाललंय? असं म्हणायला तुला चित्रात काय दिसलं? आणि आपल्याला आणखी काय सापडतंय? बस्स!

हे प्रश्न काय करामत करतात ते एका चित्रावर पाहू. चित्र बहुतेक मराठी घरांनी कुठल्यातरी कॅलेंडरवर पाहिलेलं. काळोखात उभी असलेली साडीतली तरुणी, एका हातात दिवा आणि दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. बोटांच्या कडा उजेडाने लालसर झाल्यात. समजा, सातवीच्या वर्गात हे चित्र भिंतीवर लावलं. बाईंनी मुलांना मिनिटभर नुसतं बघू दिलं आणि मग विचारलं, “या चित्रात काय चाललंय?”

“ती देवापुढे दिवा लावायला चाललीय,” एक मुलगी म्हणते. “नाही बाई, लाइट गेलेत,” मागून आवाज येतो. गंमत बघा, ‘चित्रात काय काय आहे’ असं विचारलं असतं तर मुलांनी साडी, दिवा, बांगड्या अशी यादी दिली असती. ‘काय चाललंय’ म्हटल्याबरोबर चित्रातल्या तरुणीला घर मिळालं, वेळ मिळाली, हेतू मिळाला!

मग तिसरा हात वर होतो. “बाहेर वारा सुटलाय.” आता दुसरा प्रश्न. “वारा आहे असं म्हणायला तुला चित्रात काय दिसलं?” मुलगा पुन्हा चित्राकडे बघतो. “तिने हात आडवा धरलाय ना!” इथे नुसतं ‘का?’ विचारलं असतं तर मुलगा बिचकला असता, आपलं काही चुकलं की काय म्हणून. या प्रश्नाने मात्र त्याची नजर अलगद चित्राकडेच परतवली आणि त्याच्या तोंडून पुरावा काढला. मत आणि पुरावा यांची गाठ घालणं! न्यायाधीश, पत्रकार, शास्त्रज्ञ आयुष्यभर जे करतात, ते सातवीतलं पोर एका चित्राच्या बळावर करतंय.

अजून थांबू नका. “आपल्याला आणखी काय सापडतंय?” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणते, “वारा नसेलही. तिचा पदर कुठे उडतोय? ती चालत असेल. चालताना पण ज्योत हलते, म्हणून हात धरलाय.” काय विलक्षण गोष्ट झाली इथे! एका निरीक्षणाचे दोन अर्थ निघाले, दुसऱ्या पुराव्याने पहिला तपासला गेला, आणि मित्राचा अपमान न करता मुलगी त्याच्याशी असहमत झाली. ही चर्चा तिला कुणी पाठ करायला दिली नव्हती.

एवढ्या वेळात बाई काय करत होत्या? मूल जे म्हणेल ते चित्रात बोटाने दाखवत होत्या, म्हणजे सगळ्या वर्गाची नजर तिथे जाईल. त्याचं म्हणणं जरा नेटक्या शब्दांत पुन्हा मांडत होत्या, म्हणजे त्याला नवे शब्द मिळतील. आणि एकाचा मुद्दा दुसऱ्याशी जोडत होत्या. एक शब्द मात्र त्यांनी कटाक्षाने टाळला, तो म्हणजे ‘बरोबर’. शिक्षकाने ‘बरोबर’ म्हटलं की शोध तिथेच संपतो, बाकीच्या मुलांचे वर आलेले हात खाली जातात. मग कुणी काहीही बोललेलं चालतं का? मुळीच नाही. कुणी म्हणालं की ही भर दुपार आहे, तर ‘चित्रात काय दिसलं?’ या प्रश्नापुढे ते टिकणार नाही. निवाडा बाई देत नाहीत, चित्र देतं.

आणि आता, मुलं चित्रात पुरती गुंतल्यावर, माहिती द्या. सांगा, की हे चित्र अनेक जण राजा रविवर्म्याचं समजतात, पण ते आहे सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं. दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते जलरंगात केलेलं आहे. जलरंगात उजेड दाखवायचा तर रंग पातळ ठेवावा लागतो, कागदाचा पांढरेपणा राखावा लागतो. म्हणजे चित्रात जिथे सगळ्यात जास्त उजेड आहे, तिथे रंग सगळ्यात कमी! आधी कुतूहल जागं झालं असेल तर अशी माहिती मुलं विसरत नाहीत.

हे आशावादी बोलणं झालं, असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याची हकिकत. तिथल्या बेंटनव्हिल गावात २०११ साली क्रिस्टल ब्रिजेस नावाचं कलासंग्रहालय उघडलं. फुकट सहलीसाठी शाळांची इतकी झुंबड उडाली की चिठ्ठ्या टाकून निवड करावी लागली. संशोधकांना आयतीच संधी मिळाली. सहलीला गेलेली मुलं आणि चिठ्ठी न निघालेली मुलं यांची तुलना करता येणार होती. १२३ शाळांतल्या जवळजवळ ११ हजार विद्यार्थ्यांची त्यांनी पाहणी केली. मुलांपुढे कधी न पाहिलेलं एक चित्र ठेवलं आणि दोनच प्रश्न विचारले. यात काय चाललंय, आणि तसं वाटायला चित्रात काय दिसलं? अर्ध्या दिवसाच्या सहलीने मुलांचं विचार करणं मोजता येईल इतकं सुधारलं होतं, आणि सर्वांत जास्त फायदा झाला तो खेड्यातल्या आणि गरीब वस्तीतल्या शाळांच्या मुलांना!

आणखी एक नवल. सहलीत मुलांनी ईस्टमन जॉन्सनचं एक चित्र पाहिलं होतं, मेपलच्या रसापासून साखर करणाऱ्यांच्या तळावरचं. उसाची साखर गुलामांच्या कष्टातून येते म्हणून गुलामगिरीच्या विरोधकांनी मेपलची साखर पसंत केली, हे चर्चेच्या ओघात निघालं होतं. काही आठवड्यांनी विचारलं तर चित्र पाहिलेल्या ८८ टक्के मुलांना ते आठवत होतं. कुणी पाठांतर घेतलं नव्हतं, परीक्षेची धमकी नव्हती.

एवढंच कशाला, येल विद्यापीठात डॉक्टर होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना कलादालनात नेऊन जुनी चित्रं बारकाईने बघायला आणि दिसेल ते साध्या शब्दांत सांगायला शिकवतात. तिथल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. चित्रं बघायला शिकलेल्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या छायाचित्रांतल्या खुणाही इतरांपेक्षा जास्त टिपता आल्या. चित्रावर घासलेली नजर माणसावरही चालते!

आपल्या शाळांत चित्रकला आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या होताहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांतून मुलांचे हात तयार होतात, आणि ते मोलाचंच आहे. पण चित्र काढणारी मुलं वर्गात थोडी असतात, बघणारी मात्र सगळी. त्यांच्या नजरेचं काय?

त्यासाठी न्यूयॉर्कला जायला नको. वारली चित्रातला तारपा नाच वर्गात लावून बघा. वर्तुळं, त्रिकोण आणि रेघा, त्यातून वेटोळं घालत नाचणारी माणसं. पालघरच्या पाड्यावरचं मूल वर्गात असेल, तर ‘काय चाललंय?’ या प्रश्नाचं उत्तर त्याला गुरुजींपेक्षा जास्त ठाऊक असेल. एरवी शेवटच्या बाकावर गप्प बसणारं ते पोर त्या दिवशी सगळ्या वर्गाला चित्र वाचून दाखवेल. जे इंग्रजी-गणितात मागे पडतं, त्याला इथे पहिल्या क्षणापासून बोलायला जागा आहे, कारण डोळे सगळ्यांकडे सारखेच आहेत.

म्हणून शिक्षकांनो आणि पालकांनो, एवढं कराच. एक चित्र निवडा, ज्यात माणसं आहेत आणि काहीतरी घडतंय. पाठ्यपुस्तकातलं चालेल, कॅलेंडरवरचं चालेल. वीस मिनिटं राखून ठेवा. आधी मुलांना शांतपणे बघू द्या, मग तीन प्रश्न विचारा, त्याच क्रमाने. चित्रकाराचं नाव शेवटी सांगा. आणि कितीही मोह झाला तरी ‘बरोबर’ म्हणू नका.