बेंबीएवढे दार

आषाढी एकादशीला ज्यांना पंढरपूर गाठणे जमत नाही, ते आमच्या नारायणगडावर येतात. बीड जिल्ह्यात या गडाला धाकटी पंढरीच म्हणतात. यंदा दर्शन घेऊन मी उतरतो आहे, तोच चुलतवहिनी समोर आल्या. आठ वर्षांचा पोर त्यांना बिलगून वाकून चालत होता.

“भाऊजी, कालपासून पोट दुखतंय म्हणतो. आधी बेंबीपाशी होतं, आता उजवीकडं खाली गेलंय. घरी गेल्यावर एरंडेल देते.”

एरंडेल! माझा हात नकळत पोटाकडे गेला. दहा वर्षांचा असताना मीही ते प्यालो होतो. दुखत होते आंत्रपुच्छ, म्हणजे आपले अपेंडिक्स. ते फुटले, पोट उघडावे लागले, महिनाभर अंथरूण सुटले नाही.

मी पोराला म्हटले, “एका पायावर उडी मार पाहू.” त्याला ती मारवेना. अंगही तापले होते. आम्ही तडक बीड गाठले.

तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, “दुर्बिणीने करू.” वहिनींनी विचारले, “एवढ्याशा भोकातून आतलं दिसणार कसं?”

वाचकहो, प्रश्न रास्त होता. मुलाला पूर्ण भूल देतात. बेंबीपाशी छिद्र पाडून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. पोट तंबूसारखे उचलले गेले की कॅमेरा आत जातो व पडद्यावर सारे दिसू लागते. मुलांचे पोट लहान, म्हणून वायूचा दाब मोठ्यांपेक्षा कमी ठेवतात आणि हत्यारेही ३ ते ५ मिलिमीटर जाडीची घेतात.

जर्मनीतील कील येथे कुर्ट झेम यांनी १९८० साली या रीतीने प्रथम आंत्रपुच्छ काढले, तेव्हा त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांना वेड्यात काढले होते. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९७२ पासून ही दुर्बीण वापरली आणि १९९० मध्ये तिच्या साह्याने पित्ताशय काढले.

सही घेताना डॉक्टरांनी बजावले, “गरज पडली तर पोट उघडावे लागेल.” वहिनींचा हात थबकला. मी सदरा वर करून माझा वीतभर व्रण दाखवला. “वहिनी, उघडलं तरी माणूस जगतो. उशीर मात्र सोसत नाही.” त्यांनी सही केली.

उघडावे लागले नाही. तीन बारीक छिद्रांत काम झाले आणि तिसऱ्या दिवशी पोर घरी आला. पंचमीला तो झोक्याशेजारी उभा राहून आपली पाळी मागत होता.

छिद्र लहान, याचे कौतुक आहेच. पण ते दार वेळेवर ठोठावावे लागते. पोराचे दुखणे बेंबीकडून उजवीकडे सरकले, उलटी झाली, ताप आला, तर एरंडेलाची बाटली फडताळातच राहू द्या आणि दवाखान्याची वाट धरा.