सायकलस्वाराचे दायित्व आणि विमा
(विमा आणि समाज : लेखांक सातवा)

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ अन्वये सार्वजनिक रस्त्यावरील मोटारवाहनास तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा का करण्यात आला, याचे विवेचन गेल्या लेखांकात केले. त्याच रस्त्याने जाणारी साधी सायकल मात्र या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे सायकलच्या धक्क्याने एखादा वृद्ध पादचारी कोसळून त्याच्या खुब्याचे हाड मोडले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे दार त्याला बंदच असते. हलगर्जीपणाबद्दल दिवाणी दावा लावावा, वर्षानुवर्षे तारखा सोसाव्यात, आणि अखेर हुकूमनामा हाती आला तरी प्रतिवादीपाशी जप्त करण्याजोगी मिळकतच नसल्यामुळे तो कागद घरी जपून ठेवावा, एवढेच पुष्कळदा त्याच्या वाट्याला येते. सायकलस्वारानेही दायित्वाचा विमा उतरवावा काय, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

स्वित्झर्लंडने या प्रश्नाचे उत्तर अनेक दशके सक्तीच्या मार्गाने दिले. पोस्टात अथवा दुकानात काही फ्रँक मोजून एक चिमुकली चिठ्ठी विकत घ्यावयाची आणि ती सायकलच्या सांगाड्यावर चिकटवावयाची, असा तेथील रिवाज होता; तिच्यावर वर्षाचा आकडा छापलेला असे, पुढील वर्षाच्या ३१ मे रोजी तिची मुदत संपे, आणि तेवढ्या कागदाच्या पाठीशी २० लाख फ्रँकपर्यंतच्या भरपाईची हमी उभी असे. आपल्याकडे पुण्यासारख्या शहरातही सायकलीवर कर होता व तो भरल्याची खूण म्हणून सायकलला बिल्ला लावावा लागे. परंतु त्या बिल्ल्याने नगरपालिकेच्या तिजोरीत भर पडली तरी जखमी पादचाऱ्याच्या पदरी काही पडत नसे.

पुढे १ जानेवारी २०१२ पासून स्विस सरकारने ही सक्ती उठवली. बहुतेक कुटुंबांपाशी खासगी दायित्व विमा होताच आणि सायकलमुळे होणारे नुकसान त्यात समाविष्ट करता येत होते. मग चिठ्ठ्या छापण्याचा, विकण्याचा व तपासण्याचा खटाटोप कशासाठी, हा त्यामागील व्यवहारी विचार. तरीही पीडिताला वाऱ्यावर सोडण्यात आले नाही. अपराधी सायकलस्वार विमाहीन असल्यास राष्ट्रीय हमी निधीतून भरपाई मिळते, आणि तो निधी ती रक्कम पुढे त्या इसमाकडून वसूल करू शकतो.

ब्रिटनमध्ये अशी सक्ती नाही. पण १८७८ साली स्थापन झालेली व आज ‘सायकलिंग यूके’ या नावाने ओळखली जाणारी संस्था आपल्या सभासदांना सभासदत्वाबरोबरच तृतीय पक्षाच्या विम्याचे छत्र देते. त्याचे मोल लंडनमधील एका खटल्यातून कळते. २०१५ साली रस्ता ओलांडणाऱ्या स्त्रीला सायकलची धडक बसली. २०१९ साली न्यायाधीशांनी उभयतांना समसमान दोषी धरले. भरपाईची रक्कम सुमारे ४,१०० पौंड ठरली, परंतु विमा नसलेल्या त्या सायकलस्वारावर खटल्याच्या खर्चाचा जो बोजा येऊन पडला, तो तिच्या कितीतरी पट होता. विम्याने भरपाई मिळते, तसा वकीलही मिळतो, हे सामान्य माणसाच्या ध्यानात क्वचितच येते.

तरीही आपल्या देशात प्रत्येक सायकलस्वारावर सक्ती लादणे मला अन्यायाचे वाटते. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवरून शाळेला जाणारी मुलगी किंवा पहाटे कामाला निघालेला मजूर यांच्याकडे पोलिसाने विम्याचा कागद मागावा, आणि तो नाही म्हणून दंड करावा, यात गरिबाचा छळ अधिक व पीडिताचा लाभ अल्प. सायकलचे वजन व वेग बेताचे असल्याने तिच्यापासूनचा धोका मोटारीच्या मानाने फारच थोडा असतो.

मात्र ज्याची ऐपत आहे त्याने कौटुंबिक विमापत्रात वैयक्तिक दायित्वाचे कलम आहे की नाही हे पाहावे, सायकल मंडळांनी सभासदांसाठी सामूहिक विमा घ्यावा. आणि २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या ज्या विजेच्या सायकली मोटारवाहन ठरत नाहीत, त्यांवरून घरोघर माल पोहोचविणाऱ्यांचा हप्ता त्यांच्या श्रमावर नफा मिळविणाऱ्या कंपन्यांनीच भरावा. हप्ता ऐपतीप्रमाणे मागावा, भरपाई मात्र इजेप्रमाणे मिळावी. या दोहोंमधील अंतर भरून काढण्यासाठी सार्वजनिक निधी उभारणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

असा निधी कोणाच्या पैशातून उभारावा, याचा विचार पुढील लेखांकात करू.