पहिलीच फवारणी महाग पडते

गिरणाकाठच्या आपल्या भडगाव तालुक्यात नगदी पीक म्हणजे कपाशी. शेजाऱ्याने पंप पाठीला लावला की आपणही लावतो. पण हिशेब कधी मांडला का? पीक लहान असताना मारलेले जहाल औषध मावा-तुडतुड्यांबरोबर त्यांना खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपाही मारते. मग कीड पुन्हा चढते, अन् दुसरी, तिसरी फवारणी गळ्यात पडते. डबा, मजुरी, पाणी, सारेच वाढते.

बांधावरचा लिंब निंबोळ्या फुकट टाकतो. त्या वाळवून ठेवा. 5 किलो भरड रात्रभर पाण्यात भिजवा, गाळून 100 लिटर करा आणि संध्याकाळी फवारा. वेचणी-कुटणीची मजुरी लागतेच, ती खर्चात धरा.

मात्र बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपुढे अर्क चालत नाही बरं. 2017 साली बीटी कपाशीची बोंडेही तिने राज्यात ठिकठिकाणी पोखरली होती. तिच्यासाठी पात्या लागताच एकरी 2 कामगंध सापळे लावा, रोज सकाळी पतंग मोजा. सलग 3 रात्री सापळ्यामागे 8 पतंग सापडले, की मग औषधाचा डबा उघडा.