डफ मागे, गळा पुढे

बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत आम्ही विज्ञान मेळाव्यासाठी गेलो होतो. आठवीच्या मुलांनी पोवाडा बसवला होता आणि तो मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचा होता. शाहीर एक मुलगी, डफावर एक मुलगा आणि मागे तिघे झीलकरी. मोबाइल टेबलावर ठेवला, सगळे त्याच्याभोवती गोळा झाले आणि पोवाडा अगदी दणक्यात झाला. पण ऐकायला लागल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. डफाशिवाय काही ऐकूच येईना. शाहिराचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा वाटत होता.

"सर, भारीतला माइक पाहिजे," एक मुलगा म्हणाला.

आम्ही म्हटले, माइक राहू द्या, आधी पावले मोजू. सगळ्यांना मैदानावर नेले. शाहिराला मोबाइलपासून वीतभर-दीडवीत अंतरावर उभे केले, झीलकऱ्यांना दोन पावलांवर आणि डफवाल्याला पाच पावले मागे. पुन्हा पोवाडा झाला. या वेळी शब्दन्‌शब्द कळत होता आणि डफही जागेवर होता. फरक पडला तो फक्त पावलांमुळे.

असे का झाले? ध्वनी उगमापासून सगळ्या दिशांनी पसरतो. अंतर दुप्पट झाले की तीच ऊर्जा चौपट क्षेत्रफळावर पसरते, म्हणून तीव्रता चौथाई होते. अंतर दहापट झाले तर तीव्रता शंभराव्या भागावर येते. शाहीर ३० सेंटिमीटरवर आणि डफ ३ मीटरवर असेल, तर डफाला नेमका हा शंभरपटीचा, म्हणजे २० डेसिबेलचा लगाम बसतो. बंद खोलीत मात्र भिंतींवरून परतणारा आवाजही माइकपर्यंत पोचतो, त्यामुळे फरक इतका मोठा दिसत नाही. म्हणून तर आम्ही मैदानावर गेलो. मोबाइलची आणखी एक खोड असते. मोठा आवाज आला की तो आपली संवेदनशीलता आपोआप कमी करतो. डफावर थाप पडली की गळाही त्याबरोबर दबतो तो यामुळे.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातली पहिली पन्नास-साठ वर्षे कलाकार आणि तंत्रज्ञ हेच करत होते. गाणे जुळवायचे ते अंतराने.

मेणावर उमटलेला आवाज

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेस्बर्ग कलकत्त्याला आले. हॉटेलातल्या खोलीचाच स्टुडिओ केला गेला. गौहर जान यांच्या सुरुवातीच्या तबकड्या या दौऱ्यातल्या.

त्या यंत्राला वीज लागत नसे आणि त्यात मायक्रोफोनही नव्हता. गायकासमोर एक मोठा कर्णा असे. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा आणि पडद्याला जोडलेली सुई. गळ्यातून निघालेली ऊर्जा पडदा हलवी आणि सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर नागमोडी रेघ कोरत जाई. आवाज वाढवण्याची काहीच सोय नसल्यामुळे गायकाला तोंड जवळजवळ कर्ण्यातच घालावे लागे आणि तार सप्तकात जाताना मान मागे घ्यावी लागे. साधारण २५० ते २५०० हर्ट्‌झ एवढीच कंप्रता नीट उमटे. तबल्याच्या डग्ग्याचा खोल घुमारा त्याच्या खाली राहतो, म्हणून तो जवळपास नाहीसाच होई. तानपुऱ्यासारखे हलके वाद्यही हरवून जाई.

आणखी एक अडचण होती. मेण मऊ असते. कोरलेली तबकडी लगेच वाजवली तर सुईने रेघा खराब होत. म्हणजे गाणे एक तर ऐकायचे, नाही तर राखायचे. राखायचे ठरले तर ते कसे झाले हे कलाकाराला तबकडी छापून येईपर्यंत कळत नसे. त्या वेळी मेणाचे ठसे छापाईसाठी जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना कलाकार ओळखता यावा म्हणून गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगत, असे म्हणतात. त्या काळच्या अनेक तबकड्यांवर गाण्याबरोबर कलाकाराचे नावही असे कोरले गेले आहे.

तबकडीवर जागा जेमतेम तीन मिनिटांची. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत अर्धा अर्धा तास रंगणारे नाट्यपद या तीन मिनिटांत बसवावे लागे. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे तबकडीचा व्यास ठरवत होता.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि विजेवर चालणारा ध्वनिवर्धक ध्वनिमुद्रणात आला. खालचे-वरचे स्वर अधिक नीट उमटू लागले आणि कुजबुजल्यासारखे गाणेही शक्य झाले. पण सगळ्यांनी एकाच वेळी गायचे-वाजवायचे ही अट कायम राहिली. प्रभातचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ साली कोल्हापुरात तयार झाला. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे अशी नटमंडळी कॅमेऱ्यासमोर स्वतः गात. वादकांना चित्राच्या चौकटीबाहेर, पण मायक्रोफोनला ऐकू येईल एवढ्या अंतरावर बसावे लागे. एकाची मात्रा चुकली की सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात.

वर्गखोलीएवढा स्टुडिओ

हीच गोष्ट अमेरिकेत रॉक अँड रोल संगीताच्या जन्मवेळी दिसते. जानेवारी १९५० मध्ये सॅम फिलिप्स यांनी मेम्फिस शहरात एक छोटा स्टुडिओ उघडला. पुढे तो सन स्टुडिओ म्हणून ओळखला गेला. खोली एखाद्या वर्गाएवढी आणि मायक्रोफोन मोजके. बी. बी. किंग, हाउलिन वुल्फ अशा कृष्णवर्णीय गायकांना मोठ्या कंपन्यांची दारे सहज उघडत नव्हती. त्यांचे ध्वनिमुद्रण या खोलीत झाले.

तोवर चुंबकीय फीत आली होती. गाणे लगेच ऐकता येई, पुसता येई, कापून जोडताही येई. पण फितीवर ट्रॅक एकच असे. एकदा सगळे आवाज मिसळले की गिटार कमी आणि गळा जास्त असे नंतर करता येत नसे. पिठात मीठ मिसळल्यावर ते निवडून काढता येत नाही, तसेच.

५ जुलै १९५४ च्या रात्री एल्विस प्रेस्ली नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण तिथे गात होता. गिटारवर स्कॉटी मूर आणि बासवर बिल ब्लॅक. ड्रम नव्हतेच. मनासारखे काही जमत नव्हते. मधल्या सुटीत एल्विसने सहज एक जुने गाणे उडत्या चालीत सुरू केले आणि बाकीचे दोघे त्यात सामील झाले. फिलिप्स यांनी ते ऐकले, त्यांना थांबवून पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावले आणि ध्वनिमुद्रित केले. बासच्या तारा लाकडावर आपटल्याचा आवाजच तालवाद्याचे काम करतो. ती तबकडी त्याच महिन्यात बाजारात आली.

ते गाणे मूळचे आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचे. त्यांनी ते १९४६ साली ध्वनिमुद्रित केले होते. एल्विस जगप्रसिद्ध झाला. क्रूडप यांना मात्र आपल्या गाण्यांचा न्याय्य मोबदला हयातीत मिळाला नाही. आवाज टिकवणे आणि आवाजाच्या धन्याचा हक्क टिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात ठेवू.

फितीतला प्रतिध्वनी

सन स्टुडिओच्या गाण्यांत प्रत्येक शब्दाला लगटून एक पुसट पडसाद येतो. तो खोलीचा नव्हे. वर्गाएवढ्या खोलीत इतका स्पष्ट प्रतिध्वनी येणार कसा? ती दुसऱ्या टेपरेकॉर्डरची करामत होती. टेपरेकॉर्डरमध्ये आवाज कोरणारा चुंबक आधी असतो आणि ऐकवणारा त्याच्या थोडा पुढे. फीत एकापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तेवढ्या उशिराने आवाज पुन्हा मिळतो. तो मूळ आवाजात मिसळला की पडसाद तयार.

हे गणित फळ्यावर करता येते. फितीचा वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर आणि दोन चुंबकांतले अंतर ५ सेंटिमीटर धरू. वेळ आला ५ भागिले ३८, म्हणजे सुमारे ०.१३ सेकंद. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. एवढ्या वेळात तो ४४ मीटर जाईल. म्हणजे असा पडसाद भिंतीवरून मिळवायचा, तर भिंत २२ मीटरवर हवी. फितीच्या पाच सेंटिमीटरने ते काम केले.

पुढे अनेक ट्रॅकची यंत्रे आली आणि प्रत्येक वादकाचा आवाज वेगळा साठवता येऊ लागला. गायक आज आणि वादक उद्या आला तरी चालू लागले. पावले मोजण्याची गरज स्टुडिओत कमी झाली, पण स्टुडिओबाहेर ती राहिलीच.

माजलगाव, एप्रिल १९९६

तीन मिनिटांच्या तबकडीत जे बसले नाही, त्याचे काय झाले? जात्यावरची ओवी कोणत्याही तबकडीत मावणारी नव्हती. ती पहाटे दळण संपेपर्यंत चाले. एकीने धरायची, दुसरीने उचलायची. पिठाची गिरणी गावात आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी म्हणण्याचे निमित्तच सरले.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात फ्रेंच संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात आले आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. एप्रिल १९९६ मध्ये हे लोक माजलगावच्या भीमनगर वस्तीत आले. तिथल्या दलित स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या गायल्या. ते ध्वनिमुद्रण २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेने टप्प्याटप्प्याने सगळ्यांना ऐकण्यासाठी खुले केले. या कामाची आम्हांला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू म्हणजे नोंदी. गाणारीचे नाव, गाव, तालुका आणि तारीख ओवीबरोबर जपली आहे. क्रूडप यांच्या बाबतीत जे निसटले, ते इथे निसटू नये याची काळजी घेतलेली दिसते.

आपण करून पाहू

आपल्या विद्यार्थ्यांच्या आज्यांपैकी कुणाला तरी ओव्या येत असतीलच. येत्या सुटीत मुलांना हा प्रकल्प देता येईल.

१. आधी आजीला विचारावे : गाणे साठवू का, इतरांना ऐकवू का? नाही म्हणाली तर तो तिचा हक्क.

२. पंखा आणि टीव्ही बंद करावा. रिकाम्या खोलीपेक्षा गोधड्या-वाकळा असलेली खोली बरी, कारण कापड आवाज शोषते.

३. मोबाइल उशीवर किंवा घडी केलेल्या कापडावर, आजीपासून हातभर अंतरावर ठेवावा. जाते फिरत असेल तर ते आजीहून दूर करता येणार नाही. मग मोबाइल जात्याच्या बाजूला नव्हे, आजीच्या तोंडाच्या बाजूला असावा.

४. तेच गाणे एक हात, दोन हात आणि चार हात अंतरावरून घ्यावे आणि वर्गात तिन्ही ऐकून फरक लिहावा. व्यस्त वर्गाचा नियम घरात किती पाळला जातो आणि कुठे मोडतो, हे मुलेच सांगतील.

५. सुरुवातीला आजीनेच आपले नाव, गाव आणि तारीख सांगावी. गौहर जान सांगत, तसे.

त्या मेळाव्यानंतर काही दिवसांनी शाहीर झालेल्या मुलीच्या शिक्षकांचा फोन आला. तिने आजीच्या अकरा ओव्या घेतल्या होत्या. पहिल्या दोन नीट ऐकू येत नव्हत्या, मोबाइल दूर राहिला होता. नंतर आजीच म्हणाली, "अगं, जरा जवळ सरक की."