म्हाताऱ्या माणसाची खोली कशी असावी?

आई किंवा सासू थकली की आपल्याकडे पुष्कळ घरांत तिला ममादमध्ये झोपवतात. सायरन वाजला तर तिला धावपळ नको, हा विचार बरोबरच आहे. 1991च्या आखाती युद्धानंतर इथल्या नव्या घरांत ही जाड भिंतींची खोली सक्तीची झाली. पण लोखंडी झडप दिवसभर लावलेली, वर ट्यूबलाईट आणि कोपऱ्यात खोक्यांचा ढीग, अशा खोलीत माणूस सुरक्षित राहतो, पण कोमेजतो.

1984 साली रॉजर उलरिच यांनी ‘सायन्स’ मासिकात एक अभ्यास छापला. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले 46 पेशंट त्यांनी तपासले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधंही कमी लागली. आम्हा नर्सेसना याचं नवल वाटलं नाही. खिडकीजवळच्या खाटेसाठी पेशंट कसे मागे लागतात, ते आम्ही रोज बघत होतो.

याचं कारण सोपं आहे. सकाळचा उजेड डोळ्यांवाटे मेंदूला सांगतो की दिवस सुरू झाला. तो निरोप पोचला नाही की दुपारी डुलक्या, रात्री जाग, मग चिडचिड आणि उदासी. शिवाय वयानं डोळ्याचं भिंग पिवळट होतं, बाहुली आखडते. साठीच्या माणसाच्या डोळ्यांत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. मी स्वतः सत्तरी ओलांडलीय, मला हे वेगळं सांगायला नको!

मग करायचं काय?

सरकारी सूचना नसेल तेव्हा सकाळी उठल्याबरोबर झडप आणि त्रिसिम उघडा. खुर्ची खिडकीपाशी, रस्ता किंवा झाड दिसेल अशी ठेवा. उन्हाळ्यात दुपारी त्रिसिम अर्धे खाली घ्या, पण पूर्ण अंधार नको. रात्री संडासाच्या वाटेवर मंद दिवा असू द्या. सुट्टी सतरंजी काढा, पाय अडकतो. विसरभोळेपणाचा आजार असेल तर काळी सतरंजी खड्ड्यासारखी वाटते आणि आरशातली बाई परकी वाटून भीती वाटते. तेव्हा आरसा झाका. मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि वार दाखवणारं कॅलेंडर समोर लावा. कोणी बघत नसताना टीव्ही बंद करा.

आणि तिला न विचारता तिचं सामान हलवू नका. तिची गोधडी, तांब्याचा तांब्या, लग्नाचा फोटो आपल्याला अडगळ वाटते. पण रात्री जाग आली की आपण कुठं आहोत, हे तिला त्यावरूनच कळतं.

एवढं करूनही दोन आठवडे उदासी हटली नाही, जेवण तुटलं, तर थांबू नका. कुपात होलिमच्या डॉक्टरांना दाखवा. उदासी हा म्हातारपणाचा भाग नाही, तो आजार आहे आणि त्यावर औषध आहे.