बहिर दार : साध्या गेस्टहाउसात राहताना

कुठे : इथिओपियातल्या ताना सरोवराचा दक्षिण काठ, उंची सुमारे १,८०० मीटर. निळी नाईल इथूनच निघते.

खोली : स्वस्त निवासाच्या पाटीवर अनेकदा ‘पेन्शन’ असं लिहिलेलं असतं. पैसे देण्याआधी खोली पाहा, नळ सोडून बघा. मलेरियाचा धोका असल्याने मच्छरदाणी फाटकी नाही ना, हे नक्की तपासा. वीज जाते, टॉर्च जवळ ठेवा.

घड्याळ : इथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा १. बोट ‘२ वाजता’ सुटणार असेल, तर सकाळी ८ला धक्क्यावर हजर राहा.

जेवण : बुधवारी आणि शुक्रवारी ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपास असतो, मांस, दूध, अंडी वर्ज्य. शाकाहाऱ्यांनी ‘येत्सोम बेयाइनेतू’ मागावं. टेफ या धान्याच्या आंबवलेल्या पिठाच्या इंजेरा नावाच्या धिरड्यावर डाळी आणि भाज्या वाढून येतात.

कॉफी : समोर बिया भाजून केलेल्या कॉफीच्या तीन फेऱ्या होतात : अबोल, तोना, बेरेका. पहिल्याच कपानंतर उठू नका.

निघण्याआधी : बहिर दार ज्या अम्हारा प्रांतात आहे, तिथे २०२३मध्ये सशस्त्र संघर्ष पेटला. भारतीय दूतावासाच्या ताज्या सूचना वाचूनच बेत ठरवा.